पैलवानाचा कान आणि काकांची कुबडी

आई-बाबांनो,

कोल्हापुरात वाढणाऱ्या मुलाला एक गोष्ट फार लवकर कळते. पैलवानाचा कान वेगळा असतो. दुमडलेला, जाड, आतल्या घड्या बुजून गेलेला. गंगावेस तालमीवरून जाताना, खासबागेत मैदान बघताना, किंवा घरातलेच एखादे आजोबा जुने मल्ल असले तर त्यांच्या मांडीवर बसून पोर तो कान बोटाने चाचपतं आणि विचारतं, "आजोबा, तुमचा कान असा का?" मग आजोबांना किती सांगू आणि किती नको असं होतं. वस्ताद कोण होते, पहाटे किती वाजता उठायचं, डोक्याला डोकं घासून कान कसा सुजायचा, तो ठणकत असतानाही दुसऱ्या दिवशी लाल मातीत कसं उतरायचं. ऐकणारं पोर त्या कानाला भीत नाही. त्याला किळस येत नाही. काही पोरं तर आपलाही कान तसा व्हावा म्हणून हाताने मुडपून धरतात.

आता तेच पोर संध्याकाळी रंकाळ्यावर आहे. समोरून कुबडी घेतलेले एक काका येतात. एक पाय गुडघ्यापासून नाही. पोर त्याच आवाजात, त्याच कुतूहलाने विचारतं, "ए आई, त्या काकांचा पाय कुठं गेला?" आणि आईचा चेहरा बदलतो. "श्श! असं बोलू नये." हात घट्ट धरला जातो, पावलं भरभर पडायला लागतात, लक्ष दुसरीकडे वळावं म्हणून भेळेच्या गाडीकडे बोट दाखवलं जातं.

मुलाने दोन्हीकडे एकच प्रश्न विचारला होता. दोन्हीकडे त्याला एक वेगळं शरीर दिसलं होतं. कान अभिमानाचा आणि पाय मात्र दडवण्याचा, हा भेद त्याचा नाही. तो आपण केला, आणि दोन-तीन सेकंदांत केला.

आज तुमच्याशी बोलायचं आहे ते या दोन-तीन सेकंदांबद्दल. अपंग माणसांविषयी मुलांचं मन घडतं ते आपण शिकवलेल्या धड्यांतून फार थोडं. "सगळे समान असतात", "कुणाला हसू नये" ही वाक्यं आपण सगळेच म्हणतो आणि मनापासून म्हणतो. पण मूल वाक्यांपेक्षा आपला हात कधी घट्ट होतो, आवाज कधी खाली येतो, नजर कधी वळते हे बघत असतं.

त्या आईला मी दोष देत नाही. समोरच्याला वाईट वाटू नये एवढाच तिचा हेतू होता. पण तिच्या "श्श"मधून मुलाला काय कळलं ते बघू या. त्याला कारण सांगितलेलं नाही. मग ते स्वतःच कारण शोधतं. त्या काकांचं काहीतरी वाईट आहे. किंवा ते भयंकर आहेत. किंवा पाय नसणं ही लाजेची गोष्ट आहे, तिचं नाव काढायचं नसतं. आणि काकांनी काय पाहिलं? त्यांनी प्रश्नही ऐकला आणि पाठ फिरवून निघून जाणारं कुटुंबही पाहिलं. प्रश्नाने कदाचित त्यांना काहीच वाटलं नसतं.

प्रश्नाचं उत्तर खरं तर अगदी साधं आहे. "त्या काकांना एकच पाय आहे. कशामुळे ते मला माहीत नाही. कुणाचा पाय अपघातात जातो, कुणाला मधुमेहात जखम चिघळली म्हणून काढावा लागतो. ते कुबडीच्या आधाराने चालतात." एवढं, नेहमीच्या आवाजात. काकांचं लक्ष असेल तर हसून नमस्कार करावा, मुलालाही करू द्यावा. त्यांना बोलावंसं वाटलं तर बोलतील. सात-आठ वर्षांच्या मुलाला पुढची पायरी सांगता येते: "पाय कसा गेला" हे अनोळखी माणसाला विचारायचं नसतं, ती त्याची खासगी गोष्ट. नाव विचारावं, कुठे राहता विचारावं, आपण नव्या माणसाला जे विचारतो ते विचारावं.

मुलाच्या प्रश्नाच्या पोटात पुष्कळदा आणखी एक प्रश्न असतो, तो मात्र ते विचारत नाही. मलाही असं होईल का? जवळ गेलो तर लागेल का? तीन-चार वर्षांच्या मुलाला सर्दी एकाची दुसऱ्याला होते हे ठाऊक असतं, मग पाय नसणंही तसंच होत असेल असं त्याला वाटलं तर नवल नाही. म्हणून न विचारताही सांगून टाकावं की हे कुणाचं कुणाला लागत नाही.

आणि शिक्षेचं काय? जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने 1932 साली मुलांच्या नीतिविचारावर एक ग्रंथ लिहिला. लहान मुलांना गोष्टी सांगून त्याने प्रश्न विचारले होते. एका मुलाने चोरी केली, मग पळताना तो पाण्यात पडला, का पडला? लहान मुलांपैकी बरीच म्हणायची, चोरी केली म्हणून. वाईट घडलं म्हणजे शिक्षा झाली, असा हिशेब त्या वयात आपोआप मांडला जातो. वय वाढलं की तो सुटायला हवा. आपल्याकडे तो सुटत नाही, कारण मोठी माणसं त्याला दुजोरा देतात. "मागच्या जन्मीचं असेल काहीतरी." "ग्रहणात सुरी हातात धरली होती तिने, म्हणून पोराचा ओठ फाटका." चार बायका बोलत असतात, पोर तिथेच खेळत असतं, आणि आपल्याला वाटतं त्याचं लक्ष नाही. त्यातच धाकाची वाक्यं मिसळतात. "लई पळू नकोस, पडून लंगडा होशील." "जेव, नाहीतर तो वेडा नेईल." गल्लीतल्या ज्या माणसाचं नाव घेऊन आपण घास भरवतो, तो माणूस मुलाच्या मनात कायमचा भीतीचा होतो. त्याने कुणाचं काही केलेलं नसतं.

भीतीनंतर येते दया. दया आपल्याला चांगली वाटते, म्हणून तिच्याबद्दल बोलणं जास्त अवघड.

आठवून बघा, आपल्या मुलाची अपंग मोठ्या माणसाशी पहिली गाठ कुठे पडली? बहुतेक घरांत उत्तर एकच असेल. अंबाबाईच्या देवळाबाहेर नाहीतर जोतिबाच्या पायऱ्यांवर. आपण पर्समधून नाणं काढतो, मुलाच्या हातात देतो आणि म्हणतो, "जा, त्या आजोबांना देऊन ये." मूल जातं, वाकतं, ताटलीत नाणं टाकतं, पळत परत येतं. आपण पाठ थोपटतो. दान करावं हे शिकवायला आपण निघालेलो असतो, आणि तेही शिकवलं जातं. पण सोबत आणखी एक गोष्ट पक्की होते: हातपाय धड नसलेला माणूस म्हणजे पायरीवर बसणारा, आणि मी म्हणजे त्याला देणारा. या मुलाला अपंग डॉक्टर भेटलेला नाही, अपंग शिक्षिका भेटलेल्या नाहीत, अपंग दुकानदाराने त्याला उरलेले पैसे मोजून परत दिलेले नाहीत. मग पायरीवरचं ते एकच चित्र सगळ्यांचं चित्र होऊन बसतं.

दान करू नका असं मी म्हणत नाही. त्या पायरीवरच्या माणसाला भूक आहे आणि नाण्याची गरज आहे. पण मुलाला घेऊन अशाही ठिकाणी जा जिथे देणारा हात अपंग माणसाचा आहे. कोपऱ्यावरचा टेलिफोन बूथ चालवणारे काका आता उरले नाहीत, पण झेरॉक्सच्या दुकानात, बँकेच्या काउंटरवर, शिलाईयंत्रावर, शिकवणीच्या वर्गात अशी माणसं काम करत असतात. मुलाला त्यांच्याकडून काही घेऊ द्या, शिकू द्या, चुकलं तर त्यांची बोलणी खाऊ द्या.

दयेचं दुसरं रूप म्हणजे उपदेश. "बघ, देवाने तुला सगळं दिलंय, त्या मुलीकडे बघ, तिला चालताही येत नाही, तरी किती अभ्यास करते. आणि तू?" हे वाक्य मला फार टोचतं. ती मुलगी तिथे आपलं आयुष्य जगायला आली आहे, आपल्या मुलाला अभ्यासाला बसवायला आलेली नाही. शिवाय या तुलनेनंतर आपलं पोर तिच्याशी मैत्री करेल ही आशा सोडा. ज्या मुलीच्या नावाने बोलणी बसतात तिच्याशी कोण खेळायला जाईल?

1961 साली अमेरिकेत स्टीफन रिचर्डसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना सहा चित्रं दाखवली. एकात धडधाकट मूल, बाकीच्यांत कुबड्या घेतलेलं, चाकाच्या खुर्चीतलं, एक हात नसलेलं, चेहऱ्यावर विद्रूपता असलेलं, आणि खूप लठ्ठ. तुला कोण सगळ्यात आवडतं, त्यानंतर कोण, असं विचारत क्रम लावायला सांगितला. शहरातली, खेड्यातली, मुलगे, मुली, निरनिराळ्या वंशांची मुलं होती, आणि क्रम बहुतेक सारखाच आला. धडधाकट मूल पहिलं. लठ्ठ मूल शेवटी. मला या अभ्यासातली एक गोष्ट विसरता येत नाही. ज्यांना स्वतःला अपंगत्व होतं त्या मुलांनीही तोच क्रम लावला. आपल्या आजूबाजूच्यांचे डोळे त्यांनी इतके आपलेसे केले होते की स्वतःलाच त्यांनी खाली ठेवलं. हा क्रम कुणी त्यांना शिकवला नव्हता. तो हवेत होता.

आपल्या हवेत काय आहे? गोष्टी आहेत. मंथरा कुबडी. टीव्हीवरच्या महाभारतातला शकुनी लंगडत चालायचा. सिनेमातल्या खलनायकाचा एक डोळा फुटका. वाकडं शरीर म्हणजे वाकडं मन, हे मुलाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. गोष्टी थांबवायचं कारण नाही, पण सांगताना एकदा थांबून विचारावं, "मंथरेने वाईट सल्ला दिला तो तिच्या कुबडामुळे का?" पाच वर्षांचं मूलही विचार करून "नाही" म्हणतं.

आणि आपल्याकडे कूर्मदासही आहे. पैठणचा हा भक्त, हातपाय नाहीत, वारीला निघाला तो जमिनीवर सरपटत. लऊळपर्यंत पोचला आणि एकादशीला पंढरपूर गाठणं होईना, तेव्हा विठ्ठल स्वतः लऊळला त्याच्या भेटीला आला, अशी कथा आहे. ही गोष्ट आपण चमत्कार म्हणून सांगतो. मुलांना सांगताना मला तिच्यातली दुसरी बाजू मोलाची वाटते. राहिलेलं अंतर देव चालून आला. कूर्मदासाला कुणी "तू कशाला निघालास" म्हटलं नाही.

आता आपल्या गावाकडे बघू. ज्या शहराने मल्लांना डोक्यावर घेतलं, शाहू महाराजांच्या काळापासून धडधाकट शरीराची पूजा केली, त्याच शहरात नसीमा हुरजूक मोठ्या झाल्या. ऐन सोळाव्या वर्षी कमरेखालचं शरीर लुळं पडलं. उमेद खचली असताना बाबूकाका दिवाण त्यांना भेटले. स्वतः तशाच अवस्थेत असूनही उद्योग सांभाळणारा माणूस. दयेचे शब्द सांगणारे पुष्कळ होते, पण याच शरीराने जगता येतं हे जगून दाखवणारा माणूस भेटला तेव्हा त्यांची वाट बदलली. पुढे त्या शिकल्या, सरकारी नोकरी केली, आणि 1984 मध्ये रजनी करकरे-देशपांडे यांच्यासारख्या सहकाऱ्यांबरोबर 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. रजनीताई स्वतः पोलिओग्रस्त, आणि कोल्हापूरला ठाऊक होत्या त्या गायिका म्हणून. आधी गाणं, मग बाकीचं. नसीमादीदींनी आपली कहाणी 'चाकाची खुर्ची' या आत्मचरित्रात लिहिली आहे. घरात वाचतं मूल असेल तर दहाव्या-बाराव्या वर्षी त्याच्या हातात द्यावं असं ते पुस्तक आहे.

उचगावला या संस्थेचं 'घरौंदा' वसतिगृह आहे आणि समर्थ विद्यालय आहे. या शाळेत अपंग मुलं आणि अपंगत्व नसलेली मुलं एकाच वर्गात शिकतात. मला या शाळेचं मोल इमारतीहून मोठं वाटतं. तिथल्या धडधाकट मुलाला "समानता" हा विषय कुणी शिकवावा लागत नाही. शेजारच्या बाकाला चाकं आहेत, त्या बाकावरचा मित्र गणितात आपल्यापेक्षा हुशार आहे आणि डब्यातली चटणी वाटून देत नाही म्हणून त्याच्याशी कट्टी आहे, असं ते साधं जगणं. भांडायलाही बरोबरी लागते. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने 1954 सालीच लिहून ठेवलं की नुसतं एकत्र आल्याने पूर्वग्रह जात नाहीत. दोघांचा दर्जा सारखा असावा, काम एकत्र करायचं असावं, आणि मोठ्यांचा पाठिंबा असावा. देवळाच्या पायरीवर एकत्र येणं होतं, पण यातलं काही नसतं. एका वर्गात, एका संघात, एका नाटकात ते सगळं असू शकतं.

तुमच्या मुलाच्या वर्गात असं मूल आहे का? 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, म्हणजे शंभरात दोनांहून थोड्या जास्त. तेव्हा नोंद सात-आठ प्रकारांचीच होती. 2016 च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने एकवीस प्रकार मान्य केले. इतकी माणसं आहेत तर आपल्या मुलांना ती दिसत का नाहीत? बसची पायरी उंच आहे, शाळेचा जिना अरुंद आहे, स्वच्छतागृहात खुर्ची जात नाही, आणि कितीतरी घरांत अजून "पाहुणे आलेत, त्याला आतल्या खोलीत बसव" चालतं. न दिसणाऱ्या माणसाशी मुलाने मैत्री कशी करावी?

वर्गात असं मूल असलं तरी काम संपत नाही. खेळाचंच बघा. गल्लीतल्या खेळात 'लिंबूटिंबू' असतो हे तुम्हाला आठवत असेल. लहान भाऊ रडतो म्हणून त्याला घेतात, पण तो आऊट होत नाही, त्याच्या धावा मोजत नाहीत, त्याच्यावर राज्य येत नाही. चांगल्या मनाची मुलं अपंग मित्रालाही असंच खेळायला घेतात. आई-बाप कौतुक करतात, "बघा, त्याला पण घेतात." त्या मुलाला मात्र पक्कं कळत असतं की आपण खेळात आहोत पण मोजणीत नाही. तीन वर्षांच्या पोराला लिंबूटिंबू चालतो, दहा वर्षांच्या मुलाचा तो अपमान आहे.

मग करायचं काय? नियम बदलायचे. मुलं या कामात आपल्यापेक्षा तरबेज असतात, त्यांना फक्त सुचवावं लागतं. पळता न येणाऱ्याला रनर द्या, पण आऊट मात्र खरा. सगळ्यांनीच बसून खेळायचं बॉल-बॅडमिंटन. कॅरम. बुद्धिबळ. ऐकू न येणाऱ्या मित्रासाठी शिट्टीऐवजी हातरुमाल हलवायचा. 'तोत्तोचान' हे जपानी पुस्तक आपल्या कितीतरी घरांत आहे, चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादामुळे. त्यातल्या कोबायाशी मुख्याध्यापकांनी शाळेच्या क्रीडादिनाचे खेळच असे योजले होते की ज्याची वाढ खुंटली होती, हातपाय आखूड होते तो ताकाहाशी एकामागून एक शर्यती जिंकत गेला. त्यांनी ताकाहाशीवर भाषण केलं नाही. इतरांना "त्याला जिंकू द्या" असंही सांगितलं नाही. बाकीची मुलं जीव तोडून पळाली आणि खरोखर हरली. त्या दिवशी ताकाहाशीइतकंच ती हरलेली मुलंही शिकली असणार.

तोत्तोचानची आणखी एक गोष्ट मला जवळची वाटते. पोलिओ झालेल्या यासुआकीला ती आपल्या झाडावर चढवते, शिडी आणून, ओढून, घाम गाळून. मोठ्यांना न सांगता. सांगितलं असतं तर मोठ्यांनी नक्की थांबवलं असतं. आपणही थांबवतो. "त्याच्याशी जपून खेळ हं, पडेल तो." काळजी खरी असते, पण मुलाच्या कानात "तो काचेचा आहे" एवढंच राहतं. त्यापेक्षा "त्यालाच विचार, त्याला काय जमतं" हे वाक्य मुलाला द्यावं. मदतीचंही तसंच. खुर्ची न विचारता ढकलायची नाही. ती त्या माणसाच्या शरीराचाच भाग आहे. पांढरी काठी घेतलेल्या माणसाचा दंड धरून ओढायचं नाही, "सोबत येऊ का?" विचारायचं आणि आपलं कोपर त्याला धरू द्यायचं. आणि बोलायचं ते त्याच्याशी, त्याच्याबरोबर आलेल्याशी नाही. हे मुलाला सांगण्याआधी आपण करून बघू या. हॉटेलात आपणच विचारतो ना, "यांना काय आणायचं?"

नक्कल ही आणखी एक गोष्ट. चार वर्षांचं मूल कुणाचं लंगडणं बघून घरात तसं चालून बघतं. ते चिडवत नसतं. असं चालताना कसं वाटतं, हे ते अंगाने समजून घेत असतं. तिथे रागावू नये. "असं चालायला वेळ लागतो ना?" एवढं म्हणावं. दहा वर्षांचा मुलगा मात्र मित्रांच्या घोळक्यात कुणाच्या अडखळत्या बोलण्याची नक्कल करतो आणि सगळे हसतात, तेव्हा ती निव्वळ खोडी नाही. तिथे थांबवायलाच हवं, तेही तिथल्या तिथे आणि ठामपणे. मोठ्या माणसाने अपंग व्यक्तीला चारचौघांत मुद्दाम अपमानित केलं तर 2016 च्या कायद्याच्या 92 व्या कलमाखाली सहा महिने ते पाच वर्षांचा कारावास आणि दंड होऊ शकतो. मुलांना कायद्याचा धाक घालायची गरज नाही, पण समाजाने याला गंभीर गुन्हा ठरवलं आहे, हे मोठ्या मुलांना कळू द्यावं. आणि हाका कुणी शिकवल्या? चकण्या, बहिऱ्या, बोबड्या, लंगड्या. घरात, कट्ट्यावर आपणच प्रेमानेही अशा हाका मारतो. तो हसून ओ देतो, कारण दुसरा पर्याय त्याला आपण ठेवलेला नाही.

सगळ्यात कठीण जातं ते बौद्धिक अपंगत्व समजावणं. पाय नाही हे दिसतं. पण बारा वर्षांची ताई मधेच मोठ्याने हसते, अनोळखी माणसाचा हात धरते, एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलते, हे मुलाला कोड्यात टाकतं आणि कधी घाबरवतंही. "वेडी आहे ती" हे सर्वांत सोपं आणि सर्वांत वाईट उत्तर. तिला शिकायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, काही गोष्टी तिला कायमच अवघड जातील, हसते तेव्हा तिला आनंद झालेला असतो, हात नको असेल तर "हात सोड ताई" असं शांतपणे सांगायचं, ही उत्तरं मुलाला पेलतात. शेंडा पार्कातलं चेतना विकास मंदिर अशा मुलांसाठी कितीतरी वर्षं काम करतं आहे. 2014 चा 'येलो' हा सिनेमा मुलांबरोबर बसून बघा. डाउन सिंड्रोम असलेली पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ हिच्या आयुष्यावरचा सिनेमा, आणि त्यात तिनेच स्वतःची भूमिका केली आहे.

आता थोडं पदकांबद्दल. 1972 मध्ये हायडेलबर्गच्या स्पर्धेत 50 मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकून भारताला पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्ण मिळवून देणारे मुरलीकांत पेटकर आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले. पद्मश्री मिळायला 2018 उजाडलं. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्य जिंकलं आणि कोल्हापूरने त्याला डोक्यावर घेतलं. महिनाभराने त्याच पॅरिसमध्ये आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीने पॅरालिंपिकमध्ये 16.32 मीटर गोळा फेकून रौप्य जिंकलं. तुमच्या मुलाला यांतली किती नावं माहीत आहेत? तिन्ही सांगा, एकाच दमात सांगा. आणि त्याबरोबर हेही सांगा की आदर मिळायला पदक लागत नाही. पदक न जिंकणारा, गणितात नापास होणारा, चिडका, आळशी अपंग मुलगाही असतो, आणि त्यालाही मित्र हवे असतात.

अपंग मूल ज्यांच्या घरात आहे त्या आई-बापांना सांगण्याचा अधिकार मला नाही. तुम्ही रोज जे करता ते आम्हाला ठाऊकही नसतं. एवढीच विनंती की मुलाला बाहेर आणा. लग्नात, जत्रेत, रंकाळ्यावर. लोक बघतील. बघू देत. आणि घरातल्या भावंडाला "तू समजून घे" असं प्रत्येक वेळी म्हणू नका. त्यालाही रुसायचा हक्क आहे.

बाकी आपल्याला एक सवय जडली आहे, मुलाचा वाढदिवस एखाद्या अपंग मुलांच्या वसतिगृहात "साजरा" करायची. केक कापायचा, केळी-बिस्किटं वाटायची, फोटो काढायचे, तासाभरात परत. तिथली मुलं शिकवल्याप्रमाणे टाळ्या वाजवतात. आपल्या मुलाला तिथल्या एकाचंही नाव कळत नाही. देवळाच्या पायरीवरचं तेच नाणं आपण इथे मोठं करून टाकतो. जायचंच असेल तर वर्षभर जा, महिन्यातून एक शनिवार, बुद्धिबळ खेळायला, कुणाकडून चित्रकला शिकायला, किंवा तिथल्या संघाकडून क्रिकेटमध्ये हरायला. आणि वाढदिवस घरीच करा. वर्गातल्या सगळ्या मित्रांना बोलवा. तुम्ही दुसऱ्या मजल्यावर राहत असाल, लिफ्ट नसेल आणि एखाद्या मित्राला जिना चढता येत नसेल तर केक खाली पार्किंगमध्ये आणा, राहिलेले दोन मजले आपण उतरायचे.

जूनमध्ये शाळा उघडतील. 2016 च्या कायद्याच्या सोळाव्या कलमाने सरकारी आणि मान्यताप्राप्त शाळांवर बंधन घातलं आहे की अपंग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि इतर मुलांबरोबर शिकवायचं. तरीही दरवर्षी पालकांची कुजबुज ऐकू येते की अशा मुलामुळे बाकीच्यांचा अभ्यास मागे पडेल, शिक्षकांचं लक्ष तिकडेच जाईल. ही कुजबुज शाळेच्या फाटकावर होते आणि आपला हात धरून उभं असलेलं मूल ती ऐकतं. यंदा कुणी असं म्हटलं तर गप्प बसू नका. आणि तुमच्या मुलाच्या वर्गात असं मूल येणार असेल तर पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षकांना भेटून सांगा, माझ्या मुलाला त्याच्या शेजारी बसवा.